प्लॅटफॉर्मखालची चप्पल

"उभी राहा जरा. सगळ्यांना दिसू दे."

सर माइकवरून म्हणाले आणि मी उभी राहिले. बारामतीतल्या आमच्या कॉलेजचा सेमिनार हॉल. शनिवारची सकाळ. हॉलमध्ये तीस-चाळीस जण, सगळे माझ्यासारखेच. पीएच.डी. करता करता कॉलेजात तास घेणारे. आमच्यासाठी म्हणून पहिल्यांदाच एक दिवसाचं अध्यापन प्रशिक्षण ठेवलं होतं. मागं बॅनर, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, पहिल्या रांगेत पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ मॅडम. सर आमचे विभागप्रमुख आणि माझे गाईड. त्यांचा विषय होता, वर्गात शिक्षकानं काय करू नये. आणि त्यांचं उदाहरण होते मी.

"ही माझी विद्यार्थिनी. हुशार आहे, वादच नाही. पण पहिल्या दिवशी एफवायच्या वर्गावर पाठवलं, तर हिनं काय करावं? प्लॅटफॉर्मखाली चप्पल काढली आणि अनवाणी वर चढली! मी दारातून बघतोय. म्हटलं, ही शिकवायला आलीय का नैवेद्य दाखवायला?"

हॉल हसला. हसणं आलं की सरांना चेव येतो.

"सवयी असतात हो. घरून येतात. डिग्री मिळते, पण सवय जात नाही. काय गं, आज आहे ना पायात?"

मी खाली बघितलं. चप्पल होती.

"आहे, सर."

पुन्हा हसले. तज्ज्ञ मॅडमसुद्धा हसल्या, रुमालाआड. "बस," सर म्हणाले. मी बसले.

आजही मला चीड येते ती सरांच्या बोलण्याची नंतर. आधी माझ्या मानेची येते. पायात चप्पल आहे का हे कुणी विचारलं आणि मी खरंच खाली बघून खात्री केली. एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई.

सरांनी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. दोन वर्षांपूर्वी पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं, त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावलं. हातात एक जाड पुस्तक दिलं आणि हजेरीचा कागद. म्हणाले, "सोमवारपासून माझे एफवायचे तास तू घ्यायचे."

"सर, कसं शिकवायचं?"

"तुला शिकवलं तसं."

संपलं माझं प्रशिक्षण. सोमवारी वर्गात गेले तर ऐंशी-नव्वद पोरं. फळ्यासमोर लाकडी प्लॅटफॉर्म. मी त्याच्यापाशी गेले, चप्पल काढली, कडेला नीट जोडून ठेवली आणि वर चढले. मागच्या बाकावरनं कुणीतरी घंटा वाजवल्याचा आवाज काढला. मला कळेना काय झालं. दारात सर उभे होते. हसत होते. मग निघून गेले.

मी स्वतःची समजूत घातली होती. शिक्षकाची जागा म्हणजे पवित्र जागा, आपण मान राखला, त्यात काय वाईट? ही समजूत मी दोन वर्षं सांभाळली. त्या शनिवारी हॉलमध्ये खाली बसले आणि ती मोडली. मला आमच्या लासुर्ण्याकडचा बंगला आठवला.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. समाजमंदिरावर निळा झेंडा. अलीकडं एका बागाईतदाराचा बंगला. तिथं आई भांडी घासते, झाडलोट करते. मी सात-आठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी असली की आईबरोबर जायचे. गेटाबाहेर शेवग्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी आई चप्पल काढायची, माझीही काढायला लावायची. गेट ते मोरी एवढं लांब अंगण, फरशी उन्हानं तापलेली. आम्ही पळत जायचो. एकदा जनावरांचा डॉक्टर आला. बुटाला घोट्यापर्यंत शेण. तो तसाच गेटातून आत आला, ओट्यावर चढला, खुर्चीत बसला. बंगल्यातल्या माईंनी त्याला कपबशीत चहा दिला.

मी आईला विचारलं, "त्याच्या बुटाला तर शेण लागलंय."

"गप," आई म्हणाली. "त्येंचं येगळं."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम चप्पल घालून आत गेले. माई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चपला गेटाबाहेर." रागावल्या नाहीत. कुत्र्याला हाड म्हणावं इतक्या सहज म्हणाल्या. मी परत गेले, शेवग्याखाली चप्पल काढली, जोडून ठेवली.

तेव्हा प्लॅटफॉर्मखाली मी मान राखला होता, का गेटाबाहेर चप्पल काढली होती? हा प्रश्न हॉलमध्ये माझ्या पायांत शिरला. पाय एका जागी ठरेनात. बाकाखाली नुसती चाळवाचाळव. शेजारचा महेश म्हणाला, "काय गं, बरं हाय ना?" महेशही पीएच.डी. करतो, माझ्याच सरांकडं. इंदापूरकडचा, घरी डाळिंबाची बाग. सर बोलत होते तेव्हा तोही हसला होता. मी बघितलं होतं.

पहिले सहा महिने माझे वर्गात काय हाल झाले ते मला ठाऊक. वीस मिनिटांत सगळं सांगून संपायचं. उरलेला वेळ काय करायचं? फळ्यावर उतरून काढायचे. आवाज बसायचा. मागनं कुणी भुंकायचं, कुणी शिट्टी मारायचं. तास संपला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचे. शेवटी सरांकडं गेले. म्हटलं, "सर, एकदा मागच्या बाकावर येऊन बसाल का? काय चुकतंय ते सांगा."

"मीच यायचं तर तुला कशाला पाठवू?"

त्यांचं बरोबरच होतं. त्यांना तासापासून सुटका हवी होती, ती मिळाली होती.

मला शिकवलं ते कोमलनं. वरकुट्याची मुलगी, पहिल्या बाकावर बसायची, इंग्रजी पुस्तक बघून कावरीबावरी व्हायची. एकदा मी तिला थांबवून विचारलं, कळतं का? ती वहीकडं बघत म्हणाली, "राग नका मानू मॅडम. तुमी फळ्याशी बोलता. आमच्याकडं बघतच न्हाय."

दोन वर्षांत मला मिळालेला एवढाच सल्ला. अठरा वर्षांच्या पोरीकडून.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उसाचं कांडं घेऊन गेले. आडवं कापलं, चकत्या बाकाबाकावर फिरवल्या. म्हटलं, आतले ठिपके बघा. जन्मभर ऊस खाल्लात, हे ठिपके कधी बघितलेत? यातल्या एका नळीतून पाणी वर चढतं, शेजारच्या नळीतून साखर खाली येते. पोरं चकत्या डोळ्यांशी धरून बघायला लागली. कुणी भुंकलं नाही. एकानं चकती खाल्ली, तेवढंच. त्या दिवशी मी पोरांकडं बघून बोलले. त्यानंतर माझा वर्ग माझा झाला.

माझा झाला म्हणजे वर्गात झाला. कागदावर सरांचाच. दर शनिवारी सरांची दैनंदिनी मी भरायची. कोणत्या दिवशी कोणता तास, काय शिकवलं, किती मुलं. अक्षर माझं, शिक्षकाच्या नावापुढं त्यांचं नाव, खाली त्यांची सही. उसाच्या चकत्यांचा तासही मीच त्यांच्या नावावर चढवला. 'स्थानिक उदाहरणांचा वापर' असं लिहिलं होतं. पुढं सरांनी ते पान एका समितीला दाखवलं आणि शाबासकी घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आणि बीळ उकरून द्यायला मी.

तर त्या शनिवारी. जेवणानंतर प्रत्येकानं दहा मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा होता. माझं नाव पुकारलं. स्टेजजवळ गेले. सगळा हॉल माझ्या पायांकडं बघत होता. कुणीतरी फिसकन हसलं. मी चप्पल घालून वर चढले. माइक धरला. 

"मी आज पाठ देणार नाही. मला विचारायचं आहे. सर, त्या दिवशी तुम्ही दारात उभे होता. आत का नाही आलात?"

सर म्हणाले, "हा विषय नाही. बस खाली."

"सकाळी तुम्ही उभी राहा म्हणालात, मी उभी राहिले. आता बसणार नाही." मग मी समोर बघितलं. "तुमच्यापैकी कुणाच्या तासाला आजवर कुणी मोठं माणूस येऊन बसलंय का? हात वर करा."

एकही हात नाही.

"घेतलेला तास दैनंदिनीत स्वतःच्या नावानं कोण लिहितं?"

कुणीच नाही. महेश मोबाइल बघत होता. तज्ज्ञ मॅडम घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "खूप चांगला मुद्दा आहे, आपण चहानंतर घेऊ." चहानंतर प्रमाणपत्रं वाटली. मलाही दिलं. अध्यापनाचं प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं म्हणून.

घरी निघाले. एसटीत खिडकीजवळ जागा असून बसवेना. भवानीनगर गेलं तरी मी दांडी धरून उभी. डोक्यात एकच. पुढच्या महिन्यात माझा प्रगती अहवाल समितीपुढं जायचा होता. त्यावर गाईडची सही लागते. सही नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे पीएच.डी. गेली, वर्ग गेला, मास्तरीण होणं गेलं. दहा मिनिटं माइक धरला त्यापायी सगळंच.

रविवारी आईला सांगितलं. ती कामावरून आली होती, पाय धूत होती.

"सरांना उलट बोललीस? पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करती व्हय?"

"आई, तू अजून शेवग्याखालीच चप्पल काढतीस?"

"काढती. त्यात काय झिजतंय माझं?"

ती पायावर पाणी ओतत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात त्येंच्याच अंगणात काटा मोडला हुता. लई आत गेलेला. तवा वाटलं हुतं."

"मग?"

"मग काय? काढला काटा, घासली भांडी."

तिनं टाच वर करून दाखवली. काळा डाग होता. मला आईचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. तिच्या त्याच पायांवर मी कॉलेजपर्यंत गेले होते.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दारापाशी गेले. नेहमीसारखा माझा उजवा पाय चपलेतून अर्धा बाहेर आला. आणि मी तिथंच थांबले. दाराबाहेर चार-पाच जोड पडले होते, विद्यार्थ्यांचे. सरांच्या केबिनमध्ये गालिचा आहे. आम्ही पोरांनी चपला बाहेर काढायच्या, अशी तिथली रीत. लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. आत भिंतीशी पोरं अनवाणी उभी होती आणि सरांसमोर दोन प्राध्यापक बसले होते. गालिच्यावर त्यांचे बूट. सरांच्याही पायात बूट.

दोन वर्षं रोज मी या दारात चप्पल काढत होते. सरांनी एकदाही म्हटलं नाही, अगं, नैवेद्य दाखवायला आलीस का? इथं सवय चांगली होती. इथं ती घरून आलेली नव्हती. हॉलमध्ये हसणाऱ्यांतले निम्मे तरी या दारात चपला काढूनच शिकले होते, आणि हसताना कुणालाच ते आठवलं नाही. मलाही आठवलं नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मी पाय परत चपलेत घातला आणि आत गेले. सरांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"चप्पल."

"आहे, सर. पायात आहे."

प्राध्यापक दोघं छताकडं बघायला लागले. सरांनी टेबलावरचा माझा प्रगती अहवाल उचलला, मला दिसेल असा धरला आणि पेपरवेटखाली ठेवला. आवाज अगदी गोड.

"शनिवारी भावनेच्या भरात झालं असेल. दोन ओळींची माफी लिहून आण. आणि गेल्या आठवड्याची दैनंदिनी भरून टाक. मग बघू."

मी दैनंदिनी तिथंच उघडली. उभ्यानंच लिहिलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार. विषय, हजेरी. शिक्षकाचं नाव आलं तिथं माझं नाव लिहिलं. तीनदा. वही फिरवून त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"तास मी घेतला, सर."

"आणि माफी?"

"त्याला मजकूर सुचत नाही."

त्याच संध्याकाळी वेळापत्रक बदललं. माझे सगळे तास महेशला गेले.

महेश मला दोन दिवसांनी एसटी स्टँडवर भेटला. तोंड उतरलेलं. म्हणाला, "मला काय जमंना बघ. पोरं ऐकत न्हाईत. तुझ्यावानी ऊस नेला तर निम्म्यांनी खाऊन टाकला."

मला हसू आलं. रागही आला. म्हटलं असतं, हसलास ना त्या दिवशी, आता भोग. ओठांवर आलं होतं. पण पहिल्या सहा महिन्यांतला नळाचा आवाज कानात आला. विचारलं, "मागच्या बाकावर बसू का तुझ्या?"

गुरुवारी बसले. तो फळ्याशी बोलत होता. तास संपल्यावर त्याला तेवढंच सांगितलं, जे कोमलनं मला सांगितलं होतं. पुढच्या तासाला तो वळून बोलला. चुकतमाकत, पण पोरांशी. शनिवारी त्यानं दैनंदिनी भरली. मी विचारलं, "नाव कुणाचं लिहिलंस?"

"सरांचं," तो म्हणाला. "माझाबी अहवाल हाय गं." आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

मी दिवसभर कॅम्पसभर चालत राहिले. कुणाकुणावर चिडायचं? महेशवर? आईवर? अर्धा पाय बाहेर काढणाऱ्या स्वतःवर? प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर कोमल भेटली. आता ती टीवायला आहे. तिला सगळं कळलं होतं. कॉलेजात काय लपतं? म्हणाली, "मॅडम, तुमी शिकवलं न्हाय असं कोण म्हणतंय? आमच्या जर्नलमधी सह्या कुणाच्या हायत?"

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली शिकवणाऱ्याची सही लागते, तारखेसकट. दर आठवड्याला ऐंशी-नव्वद जर्नलं. सरांना कंटाळा यायचा. म्हणायचे, "तूच कर गं, कोण बघतंय?" दोन वर्षं लाल पेनानं मी सह्या केल्या होत्या. हात दुखेपर्यंत. दैनंदिनी त्यांची होती, पण पोरांच्या घराघरांत, बारामतीत, इंदापुरात, वरकुट्यात, फडताळांवर माझ्या सह्या पडून होत्या.

कोमलनं तीन दिवसांत पिशव्या भरून जर्नलं आणली. एकावर चहाचे डाग, एकाचा पुठ्ठा उंदरानं कुरतडलेला. मी एकेक उघडून तारखा उतरून काढल्या. प्रत्येक पानाची झेरॉक्स केली. विद्यापीठाला अर्ज लिहिला. संशोधन करणाऱ्यांना वर्गावर पाठवायचं तर आधी शिकवायला शिकवा, एका दिवसाच्या बॅनरखाली नाही. वर्षभर कुणीतरी त्यांच्या मागच्या बाकावर बसा. आणि ज्यानं तास घेतला त्याचं नाव लिहा. खाली माझी सही, लाल पेनानं. सोबत झेरॉक्सचा गठ्ठा. अर्ज दिला आणि आवकजावकच्या खिडकीतून शिक्का मारलेली पोच घेतली. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काढतील तुला?"

"काढतील बहुतेक."

"मग?"

"मग परत आत जाईन."

आशीर्वाद वगैरे काही नाही. भांड्यांचा आवाज येत होता. ती बंगल्यावरच होती.

अहवाल अजून पेपरवेटखाली आहे. येत्या मंगळवारी समिती बसणार आहे. त्याच केबिनमध्ये, त्याच गालिच्यावर. मला बोलावलंय. महेश सांगत आला, "एवढं एक दिवस तरी चप्पल बाहेर काढ. सही करतील." त्याला वाटतं तो माझं भलं करतोय. जूनमध्ये एम.एस्सी. झालेल्या दोन नव्या मुली रजिस्ट्रेशनला येणार आहेत. त्याच आठवड्यात त्यांच्या हातात जाड पुस्तक आणि हजेरीचा कागद पडणार. पहिल्या दिवशी त्यांच्या मागच्या बाकावर मी असणार. कॉलेजनं नाव कापलं तरी असणार. वर्गाला दार आहे आणि ते उघडं असतं.

मंगळवारी जर्नलांचा गठ्ठा घेऊन जाणार आहे. टेबलावर, अहवालाशेजारी ठेवणार आहे. सही द्या, नका देऊ. माफी मिळणार नाही. आणि केबिनच्या दारात माझा पाय सवयीनं पुन्हा अर्धा बाहेर येईल, हे मला ठाऊक आहे. मी तो परत चपलेत घालीन, आणि आत जाईन.